वस्तू का दिसतात, आणि मी का दिसलो

ज्या कुणावर यवतमाळ जिल्ह्यात लपून बसायची वेळ येईल, त्याला आधीच सांगून ठेवतो: जमणार नाही. जमीन उत्तम आहे. तूर पुरुषभर उंच, नाले खोल, आणि तोंडाला फासायला तिथली काळी माती आमच्या फलटणकडच्या मातीपेक्षा कितीतरी बरी. अडचण माणसांची आहे. ती माणसं तुम्हाला लपू देत नाहीत, आणि वर जेवायला घालतात. सहा दिवसांत मी इतका वैतागलो की घरी आल्यावर बायकोने चहा पुढे केला तेव्हा तिच्यावरही खेकसलो.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली चौदा वर्षं एकच विषय शिकवला. दहा जणांच्या तुकडीने शत्रूच्या नजरेला न पडता कसं सरकायचं, आणि नजर पडलीच तर तिला चकवा कसा द्यायचा. या विषयाचा पहिला धडा असतो 'वस्तू का दिसतात'. आकारामुळे दिसतात, चमकेमुळे, सावलीमुळे, आणि सगळ्यात जास्त हालचालीमुळे. हा धडा मी इतक्यांदा दिलाय की झोपेतही देईन, असं बायको म्हणते. देतोही, असंही म्हणते.

माझ्या हाताखाली शिकलेला हवालदार गजानन पिंपळशेंडे आता मुकुटबनच्या अलीकडे आपल्या गावी असतो. शेती करतो आणि गावातल्या मुलामुलींना भरतीसाठी तयार करतो. डिसेंबरात त्याचा फोन आला. "उस्ताद, पाच-सहा दिवस या. पोरायले तुमचा विषय शिकवा." पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि ती हाक कानावर पडली की मी अजून ताठ उभा राहतो. लगेच हो म्हणालो. का बोलावतोय, हे विचारायचं सुचलं नाही.

वणीहून पुढे

वणीला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि अंगावर पांढरा शर्ट होता. राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांच्या मागे काळीपिवळी जीपमधून तासभर गेलो, तेव्हा तो शर्ट माझ्या कामाला चालेल अशा रंगाचा झाला. फाट्यावर उतरलो. तिथे पानटपरीवर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाने विचारलं, "तुमी गजाभाऊकडचे उस्ताद ना जी? फलटनचे? बसा ना. पाटीत त्रास असन तुमच्या, टेकून बसा." माझी पाठ दुखते हे मी गजाननला फोनवर सांगितलं होतं. फोन तीन दिवसांपूर्वीचा. गुप्ततेच्या बाबतीत गावाची काय परिस्थिती आहे ते मला तिथेच कळायला हवं होतं.

गजानन मोटरसायकल घेऊन आला. वाटेत त्याने खरी गोष्ट सांगितली. शाळेमागच्या गायरानातल्या तुकड्यावर त्याची मुलं धावतात, लांब उड्या मारतात. दहा जण आहेत, पाच मुली आणि पाच मुलगे. आता पंचायतीला तिथे कापूस ठेवायचं शेड बांधायचंय. ग्रामसभेत दोन्ही बाजूंनी आवाज चढले, तेव्हा सरपंच रामरावजी चेष्टेत म्हणाले की एवढं शिकवतोस तर तुझे दहा जण नाल्याच्या पुलापासून तळ्यावरच्या वडापर्यंत दिवसाउजेडी, गावाच्या डोळ्यांत न येता पोचवून दाखव. निम्मे जरी पोचले तरी मैदान दोन वर्षं तुमचं. ज्याला गावातल्या कुणी ओळखून नावाने हाक मारली तो बाद. लोक हसले, पण गजाननने ते सभेच्या वहीत लिहून घेतलं. दिवस ठरला रविवार.

"आणि मैदान गेलं तर?" मी विचारलं.

याचं उत्तर मला संध्याकाळी वैष्णवीने दिलं. ही त्याच्या मुलींतली मोठी, पोलीस भरतीत दोन गुणांनी राहिलेली. "पोट्टे मारेगावले जाऊन धावतीन उस्ताद. आमाले घरचे तिथवर जाऊ देनार नाई. इथं शाळेमागं धावतो तर आईले घरच्या वट्ट्यावरून दिसतो, म्हनून चालते." तिने हे जराही आवाज न चढवता सांगितलं. मग मी पाठ विसरलो आणि कामाला लागलो.

तुरीत

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी अशी की काळ्या मातीचा लेप तोंडावर फासताना मुलं कुडकुडत होती. मी दहाही जणांना तुरीच्या वावरात पांगवलं. डोक्याला तुरीच्या फांद्या, अंगाला गोणपाट, पोट जमिनीला. मग रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि पाहिलं. अभिमानाने सांगतो, एक जण दिसत नव्हता. चौदा वर्षांत पहिल्या दिवशी इतकी चांगली तुकडी मी पाहिली नव्हती.

तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे त्यांच्याकडच्या बांधावरून, शेवंताकाकू आली. वावर तिचंच. हातात किटली, दुसऱ्या हातात कागदी कपांची चळत. ती सरळ तुरीत शिरली आणि एकेका झुडपापाशी वाकून कप देत गेली. "घे व वैष्णवी. हे घे रे सागर, साखर कमी हाये तुले." दहा कप, दहा जागा, एक चुकली नाही. अकरावा कप तिने रस्त्यावर मला आणून दिला.

"तुम्हाला कसं कळलं ते कुठे आहेत?" मी विचारलं.

"वारा नाई अन् मधातच तूर हालून राह्यली. मंग कोन असन?" ती म्हणाली. "पन मी कोनाले सांगत नाई हो."

दुपारी गावात शिरलो तेव्हा चौकातला न्हावी मला म्हणाला की तिसऱ्या ओळीत झोपलेल्या पोराचा पाय बाहेर होता म्हणे. तो दुकानातून हललाही नव्हता.

आमच्याकडे कुणाच्या वावरात अनोळखी माणूस पोटावर पडलेला दिसला तर आधी दगड जातो, मग विचारपूस. इथे आधी चहा येतो. हे मी कौतुकाने लिहीत नाही. चहामुळे तुकडीची जागा उघडी पडते, हा मुद्दा मी त्या गावात निदान वीस माणसांना समजावून सांगितला. सगळ्यांना पटला. दुसऱ्या दिवशी चहासोबत शेंगदाण्याची चटणी आणि भाकर आली.

जेवणाबद्दल मात्र तक्रार नाही. गजाननची बायको सुनंदावहिनी तुरीच्या ओल्या दाण्यांची, ज्यांना तिकडे सोले म्हणतात, वांगं घालून भाजी करायची. इतकी झणझणीत की पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. साताऱ्याचा माणूस तिखटाला घाबरत नाही असं मी ताठ मानेने म्हणालो आणि रात्रभर पाणी पीत बसलो. सकाळी पुन्हा तीच भाजी मागितली.

माझ्यावर एक बाका प्रसंग त्याच दिवशी ओढवला. मुलांना नमुना दाखवावा म्हणून मी स्वतः फांद्या बांधून धुऱ्याला पडलो. एकदम निश्चल. पापणीसुद्धा हलवली नाही. इतका चांगला लपलो होतो की रस्त्याने जाणाऱ्या शेळ्यांचा कळप माझ्यावर आला आणि त्यांनी माझं डोकं खायला सुरुवात केली. तुरीचा पाला शेळीला किती आवडतो हे कुठल्याच धड्यात नव्हतं. टोपीची कडही गेली. शेळ्यांचा मालक धावत आला, मला उठवलं, गवत झाडलं आणि म्हणाला, "शेळ्यायचं मनावर घेऊ नका जी. तुमी लपलेच चांगले होते." पोरं हसली. मी त्यांना मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या.

कपाशीत

गुरुवारी अडचण अशी आली की तूर सगळीकडे नाही. तळ्याच्या अलीकडे तुरीचा एकच पट्टा, बाकी सगळी कपाशी आहे, फुटलेली, पांढरी, कमरेइतकी. तिच्यात हिरव्या फांद्या बांधलेला माणूस मैलावरून दिसतो. तिथे वेचणी चालू होती. बायका डोक्याला गुंडाळून, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून, कमरेला फडक्याची ओटी बांधून ओळीने कापूस वेचत होत्या. काही गावातल्या, काही ऑटोत बसून बाहेरगावाहून आलेल्या.

वैष्णवी म्हणाली, "उस्ताद, आमी पाच जनी वेचनाऱ्या होऊन गेलो त?"

चकव्याच्या दृष्टीने सूचना चांगली होती आणि मी तसं कबूल केलं. पाच मुलींनी शर्ट चढवले, तोंडं बांधली, ओट्या बांधल्या आणि रस्त्यालगतच्या वावरात वेचत पुढे सरकू लागल्या. मी त्यांना माझ्या विषयाचा दुसरा नियम दिला, ज्याच्यावर मी चौदा वर्षं कधी तडजोड केली नाही: आवाज नाही. एक शब्द नाही.

पाच मिनिटांत रस्त्यावरून जाणारा एक मोटरसायकलवाला थांबला, गाडी उभी केली आणि ओरडला, "काहून जी, कोनी वारलं काय? बाया गप काहून हायेत?"

तो थांबला म्हणून मागचा बैलगाडीवाला थांबला. त्याने वैष्णवीला चालीवरून ओळखलं.

वैष्णवी ओटी सोडत माझ्याकडे आली. "वेचताना कोनी गप नसते उस्ताद. सासूचं, भावजयचं, कोनाचं तरी बोलनं चालूच असते. गप राह्यलो त समदे पाहतेत."

मी तिला सांगितलं की शत्रूच्या हद्दीत गप्पा मारत जाणारी तुकडी मी आयुष्यात पाहिली नाही आणि रविवारी पाहणारही नाही. गजानन मध्ये पडला. तो म्हणाला की बोलणाऱ्या बायका हीच इथली शांतता आहे. मी म्हणालो की मग तूच शिकव, मला कशाला आणलंस. माझा आवाज इतका चढला की तिकडच्या वावरातल्या वेचणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. नवा-जुना सगळा राग मी त्या धुऱ्यावर काढला: चहा, न्हावी, शेळ्या, सगळा. गजानन ऐकून घेत म्हणाला, "बरं उस्ताद. तुमी म्हनसान तसं."

त्याने इतक्या सहज मान डोलावली याचा मला तेव्हा आनंद झाला. शेवटी असं ठरलं की पाच मुलगे माझ्यासोबत तुरीतून रांगत जातील आणि पाच मुलींना गजानन नाल्यातून पाठवेल. शुक्रवार-शनिवार मी फक्त मुलग्यांचा सराव घेतला. दोन्ही दिवस ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि गावातल्या निम्म्या माणसांनी मला हळद-दूध आणून दिलं.

रविवार

रविवारी सकाळी आठला गाव तळ्याच्या पाळीवर येऊन बसलं होतं. लोकांनी शेंगा आणल्या होत्या, पोरांना स्वेटर घालून आणलं होतं. रामरावजी सरपंच वडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत. नाल्यावर दोन म्हातारे नजर ठेवायला. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पाच मुलग्यांच्या पुढे तुरीत कोपरांवर सरपटत होतो.

सुरुवात चांगली झाली. पहिला अर्धा तास कुणी दिसलं नाही. मग पाळीवरून कुणीतरी हाक मारली, "उस्ताद, उजवीकडे वल हाये जी, मोटर चालू होती राती." मी उत्तर दिलं नाही. दुसरा म्हणाला, "पाट सांभाळून." मी दात आवळले. मला हाक मारली तरी चालणार होतं, कारण मी दहांतला नव्हतो, पण मी कुठे आहे हे कळलं की माझ्यामागची ओळ कळत होती. एकाचा शर्ट चमकला, त्याला काकाने ओळखलं. दोघं पाण्याच्या पाइपावरून जाताना एकदम बाद झाले. चौथ्याला शिंक आली आणि पाळीवरच्या साऱ्यांनी मिळून त्याला नावासकट आशीर्वाद दिला.

राहिला सागर. चांगला पोरगा. माझ्या उजव्या हाताला, चार हातांवर, आणि शप्पथ घेऊन सांगतो, मलाही तो दिसत नव्हता. वडापर्यंत दोनशे पावलं उरली होती. आणि पाळीवरून त्याच्या आईचा आवाज आला.

"सागर, घाम पूस रे बाप्पा, सर्दी होईन."

तिला तो दिसलाही नव्हता. नुसता अंदाज. पण सागर आज्ञाधारक, त्याने बाही वर केली आणि कपाळ पुसलं.

मी उभा राहिलो. त्यानंतर मी काय काय बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. मी त्या गावाच्या चहाला, मायेला आणि कानांना नावं ठेवली. मी म्हणालो की तुमच्या गावावर शत्रू चालून आला तर तुम्ही त्याला भाकरी वाढाल आणि आपल्या पोरांचे पत्ते द्याल. मी तुरीची एक फांदी मोडून फेकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण मला वैष्णवीचा तो सपाट आवाज आठवत होता, आणि नाल्यावर पहारा असताना पाचही मुली पोचणं शक्य नव्हतं, म्हणजे मैदान गेलं होतं.

गाव धावत आलं. कुणी पाणी आणलं, कुणी माझी पाठ धरली, सागरची आई माझ्या पाया पडू लागली. खुद्द सरपंच खुर्ची सोडून तुरीत उतरले आणि म्हणाले, "रागाऊ नका उस्ताद. तुमी लय मेहनत केली. आमीच नालायक आहो." सगळं गाव माझी समजूत घालत होतं.

मग वडाकडून मुलींच्या हसण्याचा आवाज आला.

पाच जणी वडाखाली बसल्या होत्या. डोक्याची फडकी सोडलेली, ओट्या कापसाने फुगलेल्या. वैष्णवी सरपंचांच्या खुर्चीत होती. पुलापासून वडापर्यंतच्या कपाशीत शेवंताकाकूची वेचणाऱ्या बायकांची टोळी सकाळपासून काम करत होती, आणि या पाच जणी पुलाजवळच्या वावरापासून त्या टोळीत मिसळून, कुणाच्या तरी सासूवर मोठमोठ्याने भांडत, ओळीमागून ओळ वेचत आल्या होत्या. पाळीवर बसलेल्या गावाने तो आवाज तीन तास ऐकला होता. शेवंताकाकूने कुणालाही सांगितलं नव्हतं.

एक-दोघांनी हरकत घेतली की हे लपणं नव्हे. रामरावजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. "माह्या डोयासमोर तीन घंटे वेचून राह्यल्या," ते म्हणाले. "मले दिसल्या नाई. आनखी काय पाह्यजे? दोन वर्सं मैदान त्यायचं."

लोक पांगले तेव्हा मी पाळीवर बसलो होतो आणि गजानन समोर उभा होता.

"नाल्यातून कुणी जाणारच नव्हतं," मी म्हणालो.

"नाई उस्ताद."

"आणि मी?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमाले सांगतलं असतं त तुमी गप रांगत गेले असते. गावाची नजर तुमच्यावर पाह्यजे होती. तुमचा राग खरा पाह्यजे होता. माफ करा."

म्हणजे चकवा मी होतो. फलटणहून बोलावून, सोले खाऊ घालून, आठवडाभर गावासमोर नाचवलेला चकवा. मला प्रचंड संताप आला. मी म्हणालो, "निदान तू तरी असं करायला नको होतंस. तुला माहीत आहे ते कसं वाटतं. मी तुझ्यावर हीच वेळ आणली होती."

"माह्यावर? कधी?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. मी त्याला आठवण करून दिली. अकरा वर्षांपूर्वीचा सराव, उघडी टेकडी, गारांचा पाऊस. त्याच्या तुकडीला मी मुद्दाम टेकडीच्या माथ्यावरून पाठवलं होतं, दिसावेत म्हणून. ते दिसले, पकडले गेले, आणि तेवढ्या वेळात दुसरी तुकडी खालून पोचली. सोंग पक्कं वाटावं म्हणून मी गजाननला सगळ्या कंपनीसमोर झापलं होतं. त्याच संध्याकाळी त्याची तुकडी दुसरीकडे रवाना झाली आणि सांगायचं राहून गेलं.

गजानन माझ्याशेजारी बसला. विचारल्याशिवाय तो माझ्याशेजारी आजवर कधी बसला नव्हता.

"म्हंजे आमी चुकलो नव्हतो?"

"नाही."

माझा सगळा वैताग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला फक्त लाज वाटत होती.

"मले काई नाई उस्ताद," तो म्हणाला. "मी इसरलो असतो. पन आमच्यातला तो बुलढान्याचा सिपाई होता ना, त्याले त्या दिवशी खोकला झालता. तो अजून म्हनते का त्याच्या खोकल्यानं आपन पकडल्या गेलो. दर दिवाळीले फोन करते अन् तेच म्हनते."

मी गजाननकडून त्या शिपायाचा नंबर घेतला आणि तिथेच पाळीवर बसून फोन लावला.